ओळख पटलेली बाई

२८ ऑक्टोबर

सकाळच्या चहाबरोबर कळलं की मी संशयित आहे.

फोनच्या त्या बड्या कंपनीचा मेल आला. मेल कसला, समन्सच. यापुढे ॲप करणाऱ्या प्रत्येकाने, मग तो कारखानदार असो की घरी बसलेली म्हातारी, सरकारी ओळखपत्र आणि पत्ता त्यांच्याकडे नोंदवायचा. नाहीतर ते ॲप कुणाच्याही नव्या फोनवर चढणार नाही. त्यांच्या दुकानातून घ्या किंवा थेट माझ्याकडून घ्या, नियम एकच. मुदत नोव्हेंबरअखेर. वर मखलाशी अशी की हे सगळं माझ्याच सुरक्षिततेसाठी आहे.

फोन मी विकत घेतलेला. ॲप मी लिहिलेलं. देणारी मी, आजारी वडिलांसाठी घेणारी बडोद्याची अलका, मध्ये एका पैशाचा व्यवहार नाही. शेजारणीला वाटीभर भाजणी द्यायला निघावं आणि जिन्यात गिरणीवाल्याने आडवं होऊन आधार कार्ड मागावं, तसं हे झालं. शाळेत सिस्टर बेनेडिक्टा रोज आमची नखं तपासायची, पण ती निदान स्वतःची आधी दाखवायची.

यांना पक्षाघात होऊन बोलणं गेलं तेव्हा थेरपीच्या बाईंनी जे ॲप दिलं ते हिंदी बोलायचं. "मुझे प्यास लगी है." जन्मभर ज्या माणसाने तहान लागल्यावर नुसतं "अगं" म्हटलं, त्याच्या हातात हे वाक्य. ऐकून यांनी फोन पालथा ठेवला. सांख्यिकी खात्यात मी प्रोग्रॅम लिहीत होते त्या काळी एका संगणकाला एक खोली लागायची. फोनला काय भ्यायचं? शिकले आणि लिहिलं. चित्रावर बोट ठेवलं की फोन माझ्या आवाजात मराठी बोलतो. पाणी. पाठ खाजतेय. पंखा. बातम्या लाव. नको. पहिलं बटण अर्थातच "अगं". ॲपचं नाव ठेवलं "म्हणा". एकीने दुसरीला सांगितलं, आज बडोद्यापासून बेळगावपर्यंत कितीतरी घरांतली मुकी झालेली माणसं माझ्या आवाजात चहा मागतात.

आणि मी संशयित.

२ नोव्हेंबर

सुधन्वा गुरुग्रामहून आला होता. माझा मुलगा तिथल्या एका टॉवरमध्ये कंप्लायन्स बघतो, म्हणजे लोक नियम पाळतात की नाही हे पाहण्याचा पगार घेतो. तेव्हा त्याच्याकडून सहानुभूती मिळेल ही अपेक्षा चुकीचीच होती.

"आई, यार, दोन मिनिटांचं काम आहे. आधार अपलोड कर, सेल्फी दे. चलो, खतम."

"आणि नाही दिलं तर?"

"पण का नाही देणार? लपवण्यासारखं आहे काय तुझ्याकडे?"

"तू न्हाणीघराला आतून कडी लावतोस. काय लपवतोस?"

"न्हाणीघर म्हणजे? बाथरूम?"

वादाची धारच गेली. दिल्लीत वाढलेल्या मुलाशी मराठीत भांडायचं म्हणजे मध्ये मध्ये थांबून शब्दार्थ द्यावे लागतात.

त्याला म्हटलं, समज एखादी बाई मार खाणाऱ्या बायकांसाठी ॲप करते. कुणाला फोन करायचा, रात्री कुठे जायचं. ती आपलं नाव-पत्ता या कंपनीला देईल? आणि कंपनीने ते सांभाळलं नाही तर तिच्या दारात कोण येऊन उभं राहील? तो म्हणाला, "ती वेगळी केस आहे." नियम करणाऱ्यांना प्रत्येक खरी केस वेगळीच वाटते.

जाताना मात्र गळ्यात पडला. म्हणाला, "तू पण ना, आई. बाबांसाठी करून टाक."

७ नोव्हेंबर

कंपनीला सविस्तर पत्र लिहिलं. इंग्रजीत, कॉन्व्हेंटच्या वळणाचं, एकही वाक्य खालच्या पातळीवर न जाऊ देता. मुद्दा एवढाच मांडला की ज्याला फसवायचं आहे तो बनावट कार्ड करून घेईल, ते त्याच्या धंद्याचं भांडवल आहे. अडेल फक्त तो, ज्याला फसवायचं नाही.

पत्र पाठवून पापणी लवते न लवते तोच उत्तर आलं. माझा अभिप्राय त्यांच्यासाठी मोलाचा आहे. वाचल्याशिवायच मोल कळतं त्यांना.

९ नोव्हेंबर

दिल्लीत कोपर्निकस मार्गावरच्या जुन्या सदनात आमच्या मराठी मंडळाचं दिवाळी मीलन. यांना व्हीलचेअरवर नेलं. सगळे यांच्याशी मोठ्याने बोलत होते, जणू ऐकूच येत नाही. यांनी "नको" दाबून दोघांना गप्प केलं.

सक्तीविरुद्धचं निवेदन लिहून नेलं होतं, ते काढून मी माझ्या विषयाला हात घातला. मंडळाचे सचिव पद्माकर वैशंपायन यांना गेल्या उन्हाळ्यात कुणा तोतया पोलिसाने व्हिडिओ कॉलवर धमकावून लुबाडलं. तेव्हापासून ते या विषयातले जाणकार आहेत.

"चंद्रप्रभाताई, तत्त्व वगैरे ठीक आहे," चिरोट्याचा पापुद्रा उचलत म्हणाले, "पण चोर पकडायचे तर सगळ्यांचेच चेहरे पाहावे लागतात."

"तुमच्या चोराने चेहरा लपवला होता का?"

"छे. युनिफॉर्ममध्ये बसला होता. ओळखपत्र दाखवलं. फोटो होता, शिक्का होता."

"म्हणून तुमचा विश्वास बसला."

"अर्थात. कार्ड पाहिल्याशिवाय मी कुणाशी बोलत नाही."

इथे थांबले असते तर चाललं असतं. पण मी म्हटलं, "म्हणजे तुम्हाला कार्डानेच बुडवलं, पद्माकरराव." चिरोटा बशीत परत गेला.

तरीही भला माणूस. माझ्या निवेदनावर मंडळाच्या सह्या मिळवून देतो म्हणाले. फक्त प्रत्येक सहीबरोबर आधारची झेरॉक्स लागेल.

"ओळखपत्राची सक्ती नको, अशा निवेदनाला?"

"बिल्कुल. नाहीतर सह्या खऱ्या कशावरून? उलट वजन येईल."

घरी येताना टॅक्सीत यांच्याकडे पाहिलं तर अर्ध्या तोंडाने हसत होते. उरलेलं अर्धं तोंड कधी नव्हे ते गंभीर.

१९ नोव्हेंबर

आमच्या नोएडाच्या सोसायटीच्या गेटवर अर्धा तास उभी. फोनची बॅटरी संपली, त्यामुळे ओटीपी नाही, त्यामुळे मी नाही. रोज मला "नमस्ते आंटीजी" म्हणणारा गार्ड आज म्हणाला, "आंटीजी, सिस्टम में आप दिख नहीं रहीं."

समोर दिसते ना, म्हटलं. समोर चालत नाही म्हणे.

२४ नोव्हेंबर

तत्त्व बाजूला ठेवून अर्ज भरला. अलकाचे वडील, बेळगावचे एक मास्तर, "म्हणा"वर बोलणाऱ्या या सगळ्यांना माझ्या तत्त्वाचं काय? नाव: कौशल्या दाबके. सोबत आधार. सेल्फी मागितली, तीही दिली. तिच्यात मी खरोखरच गुन्हेगार दिसते.

२६ नोव्हेंबर

अर्ज नामंजूर. अर्जातलं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव जुळत नाही.

जुळणार कसं? कार्डावर चंद्रप्रभा दिनकर सबनीस आहे. ॲप पहिल्यांदा केलं तेव्हा करणाऱ्याचं नाव विचारलं, तिथे मी कौशल्या दाबके लिहून गेले. माहेरचं. शाळेत वह्यांवर तेच असायचं, हाताला वळण होतं, दुसरं काही कारण नाही. लोकही मग कौशल्याकाकू म्हणू लागले. कुणी दुरुस्त करत बसावं?

आमच्या लग्नात रीतच होती. ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्याने अंगठीने बायकोचं नवं नाव त्यात लिहायचं. सासूबाईंनी ठरवून ठेवलं होतं: मुलगा दिनकर, तेव्हा घरात चंद्र हवा. चंद्राला स्वतःचा उजेड नसतो हे सिस्टर बेनेडिक्टाने मला पाचवीतच शिकवलं होतं, पण मांडवात ते बोलायची सोय नव्हती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग ते तांदूळ गोळा करून कुणीतरी भटजींच्या शिध्यात घातले, आणि कौशल्या गेली.

गंमत म्हणजे ज्याने ते नाव लिहिलं त्याने ते कधी उच्चारलंच नाही. जन्मभर "अगं".

मला या नावाचं काही नाही. पेन्शनही त्याच नावाने येते, आणि ती मी बिनतक्रार घेते. प्रश्न तत्त्वाचा आहे.

३० नोव्हेंबर

सुधन्वा पुन्हा आला. लॅपटॉप ओढून म्हणाला, "सिंपल आहे. डेव्हलपरचं नाव चेंज करायचं. कौशल्या काढ, चंद्रप्रभा टाक. झालं."

"मी नाही काढणार."

"पण का? दोन्ही तूच आहेस ना?"

"हे तू त्या कंपनीला समजावून सांग."

"आई, कंपनीला कसं कळणार? तिथे कोणी बसलेलं नाही."

"मग मी तरी कुणाचं ऐकून नाव बदलू?"

त्याने तरी टाइप करायला सुरुवात केली. इकडे यांनी "नको" लावून धरलं. नको, नको, नको, माझ्याच आवाजात. बातम्यांचा आवाज मोठा होता, तो बंद केला. तरी नको. शाल काढली, तर नको. शेवटी सुधन्वा वैतागून उठला, "बाबा इरिटेट होताहेत, मी नंतर करतो." तेव्हा हे शांत झाले. हल्ली माणसं जास्त झाली की यांना सोसत नाही.

१२ डिसेंबर

आजवर अलकाला मी फक्त फोनवर ऐकलं आहे. आज तिचा आवाज वेगळा होता. वडिलांचा फोन बादलीत पडला, मेला. नवा आणला, त्यावर "म्हणा" चढत नाही. लाल पाटी येते: हे ॲप अनोळखी व्यक्तीने केलेलं आहे.

"काकू, तीन दिवस झाले. बाबा ताटावरून उठून जातात. काय हवंय तेच कळत नाही. परवा रात्रभर त्यांना थंडी वाजत होती आणि मी त्यांना पाणी पाजत बसले."

म्हटलं, फोन इकडे पाठव, मी लॅपटॉपला तार जोडून चढवते. यांच्या फोनवर मी तसंच करू शकते, कंपनीला विचारायची गरज नाही.

"पाठवीन. पण मग बेळगावच्या मास्तरांचा बिघडला की त्यांचाही मागवाल? सगळ्यांचेच?" मग म्हणाली, "काकू, रागावू नका, पण त्यांना काय हवं ते देऊन टाका ना. बाबांना त्याचं काय?"

रागावले नाही. बरोबरच होतं तिचं, म्हणून जास्त चीड आली.

१३ डिसेंबर

भरला अर्ज. कौशल्या दाबके काढलं, चंद्रप्रभा दिनकर सबनीस घातलं, कार्डावर आहे तसं. लिहून ठेवते, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की मला पटलं. पटलेलं नाही. म्हाताऱ्या माणसाची थंडी ओलीस ठेवून माझ्याकडून कार्ड काढून घेतलं आहे.

आजही यांचं तेच. जेवणाच्या टेबलावर मी लॅपटॉप घेऊन बसले आणि समोरून नको, नको सुरू. चहा पुढे केला, नको. पाठ चोळली, नको. औषध नको, टीव्ही नको. शेवटी मी ओरडले, "काय नको ते तरी सांगा!" आणि मग वाईट वाटलं, कारण तेवढंच यांना सांगता येत नाही. तसं बटण मी केलेलं नाही. मी अर्ज पाठवला तसा यांनी फोन पालथा घातला आणि भिंतीकडे बघत बसले.

दिवसभर नुसता हट्ट.

१८ डिसेंबर

मंजूर. "अभिनंदन, तुमची ओळख पटली आहे." अडुसष्टाव्या वर्षी.

अलकाला कळवलं: आता टाक.

२२ डिसेंबर

चार दिवस अलकाचा पत्ता नाही. आज मीच फोन केला.

"अगं, टाकलंस का?"

"नाही काकू. तुम्हालाच सांगणार होते पण कसं सांगू कळेना." आवाज खाली आणून म्हणाली, "तुमचं ॲप कुणीतरी ढापलंय."

"काय?"

"कौशल्या दाबके नावच नाहीये आता. कुणी चंद्रप्रभा सबनीस म्हणून बाई आहे. वर हिरवी खूण, व्हेरिफाइड. मी लगेच बंद केलं. इतके फ्रॉड चाललेत इकडे. "म्हणा" वापरणाऱ्या आमच्या घरांच्या ग्रुपवर पण टाकलंय सगळ्यांना, की चंद्रप्रभावाल्या ॲपला हात लावू नका."

बेळगावचे मास्तर, साताऱ्याच्या दोघी बहिणी, सगळ्यांना बजावून झालं होतं की मी चोर आहे. जोवर मी कंपनीला अनोळखी होते तोवर लोक मला ओळखत होते. कंपनीला माझी ओळख पटली, आणि लोकांना पटेना.

"अलका, ती मीच."

"हो का." हे "हो का" पद्माकररावांनी त्या तोतयाला म्हणायला हवं होतं. "मग काकू, राग मानू नका, पण फोनवर कुणीही काकू होऊ शकतं... प्रूफ काय?"

आधार दाखवू? त्यावर चंद्रप्रभाच. शाळेचा दाखला दाखवू? त्यावर कौशल्या, फोटो नाही. व्हिडिओ कॉल करू? तिने मला कधी पाहिलेलंच नाही. एवढं सगळं त्या कंपनीला देऊन झाल्यावर या एका पोरीला द्यायला माझ्याकडे काही नव्हतं.

मग सुचलं. "वडील जवळ आहेत का? फोन स्पीकरवर टाक."

आणि मी बोलले. जसं रेकॉर्ड केलं होतं तसंच, प्रत्येक शब्दानंतर थांबून. "पाणी. पंखा. पाठ खाजतेय. बातम्या लाव."

पलीकडून घशातून आलेला एक खडबडीत आवाज. मला वाटलं रडताहेत. अलका म्हणाली, "काकू, बाबा हसताहेत. पाठ पुढे करून बसलेत."

तिने ॲप टाकलं. तास-दीड तासाने तिच्या फोनवरून माझाच आवाज मला ऐकू आला: "चहा. चहा. चहा." पाठोपाठ अलका, "काकू, दोन आठवड्यांचा बॅकलॉग आहे."

यांच्यासमोरच सगळं बोलले. हे एकटक माझ्याकडे बघत होते.

२९ डिसेंबर

पूर्ण आठवडा ग्रुपमधल्या एकेकाला फोन करून "पाठ खाजतेय" म्हणण्यात गेला. साताऱ्याच्या थोरल्या बहिणीने दोनदा म्हणायला लावलं. एकदा ऐकून खात्री होईना.

निवेदन मी सोडलेलं नाही. पद्माकररावांना ही हकीकत सांगितली. म्हणाले, "झेरॉक्सचं राहू द्या. मी प्रत्येकाला ओळखतो, मीच सांगतो की सह्या खऱ्या आहेत." मंडळाचा नियम मोडण्याची ही त्यांची पहिलीच वेळ असावी. घाबरलेले दिसले.

४ जानेवारी

सकाळी टेबलावर ताटात तांदूळ निवडायला घेतले. फोन वाजला म्हणून आत गेले. परत येते तर यांनी ताट डाव्या हाताने स्वतःकडे ओढलेलं, तांदूळ टेबलभर, थोडे मांडीत.

बोलायला तोंड उघडलं आणि पाहिलं की बोट चाललंय. उजवा हात निकामी आहे, डाव्याने यांनी कधी काही लिहिलेलं नाही. "कौ" झाला होता, वाकडा, मोठा, अर्धं ताट व्यापून. "श"पाशी अडलं होतं. काढायचे, बघायचे, तळव्याने पुसायचे, पुन्हा.

मी म्हटलं, "राहू द्या. कळलं मला."

फोन जवळच होता. "नको," फोन म्हणाला. आणि बोट पुन्हा तांदळात.

मी समोरची खुर्ची ओढून बसले. अकरा वाजून गेले असतील. शेवटचा "ल्या" ताटात मावला नाही, काठावर गेला. अंगठी नाही, मांडव नाही, टाळ्या नाहीत. यांनी ताट माझ्याकडे ढकललं आणि घाम पुसला.

आज भात केला नाही. पोळ्या केल्या. ताट झाकून कपाटावर ठेवलं आहे.

६ जानेवारी

ॲपमध्ये दोन बदल केले. पहिल्या पानावर लिहिलं: "हे कौशल्याने केलं आहे. कंपनीच्या दप्तरी चंद्रप्रभा सबनीस या बाईंची नोंद आहे. बाई माझ्या ओळखीच्या आहेत, काळजी नसावी." सुधन्वा म्हणतो याने नियमाचा भंग होऊ शकतो. होऊ दे. कुणी येऊन विचारलं तर निदान माणूस भेटेल.

दुसरा बदल फक्त यांच्या फोनवर. "अगं"शेजारी एक नवं बटण. आवाज माझाच द्यावा लागला, दुसरा कुणाचा देणार? स्वतःच्याच नावाने स्वतःला हाक मारायची म्हणजे चमत्कारिक वाटतं. पुन्हा पुन्हा रेकॉर्ड करावं लागलं, दरवेळी प्रश्न विचारल्यासारखा सूर यायचा.

चूक झाली. सकाळपासून या माणसाने मला टेकू दिलेलं नाही. कौशल्या, पाणी. कौशल्या, बातम्या लाव. कौशल्या, पाठ खाजतेय. आता हे लिहायला बसले तर, कौशल्या, पंखा.

नोएडात, जानेवारीत, पंखा. लावून आले.